रक्त थांबवणारा माणूस

माझ्या काकांना सगळे 'बोळे' म्हणायचे. नव्या माणसाला ते आडनावच वाटे. एकदा कुणीतरी आमंत्रणाच्या पाकिटावर 'श्री. बोळे, सहकुटुंब' असं लिहून पाठवलं होतं. काकांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "नाव चुकलं ते चुकलं, कुटुंबसुद्धा चुकलं." त्यांनी लग्न केलं नव्हतं.

हे नाव त्यांना कापसाच्या बोळ्यांवरून पडलं होतं. आठवड्याचे सहा दिवस ते एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर असत. रविवारी दुपारी ते मुष्टियुद्धाच्या रिंगणात, माझ्या वडिलांच्या कोपऱ्यात उभे राहत. काडीला गुंडाळलेले दोन बोळे दोन्ही कानांमागे, सुतार पेन्सिल खोचतो तसे, आणि तिसरा दातांत धरलेला. माझे वडील त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. त्यांच्या तोंडावरचं रक्त थांबवणं हे काकांचं काम.

वडील या खेळात कसे आले ते आधी सांगायला हवं. आजोबा गेले तेव्हा वडील चौदा वर्षांचे होते. घरात धाक उरला नाही. बाजारात, शाळेच्या फाटकाशी, नळावर, जिथे उभे राहतील तिथे त्यांची मारामारी व्हायची. दोनदा पोलिसांनी पकडून नेलं. दुसऱ्या वेळी काका त्यांना सोडवून घेऊन निघाले ते घरी न जाता थेट क्लबवर गेले. क्लब म्हणजे एक जुनं गोदाम. आत दोऱ्यांचं रिंगण, छताला टांगलेल्या चार पिशव्या, आणि एक प्रशिक्षक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत.

"रिकामा फिरतो. इथे तरी बसू दे," काका म्हणाले.

"इथे कोणी बसत नाही," मास्तर म्हणाले.

सहा महिन्यांत वडील नऊला झोपायला आणि पाचला उठायला शिकले. रस्त्यावरची मारामारी थांबली. वर्षभरात त्यांना कारखान्यात काम लागलं, कारण तिथल्या मुकादमाला क्लबची मुलं आवडत. शिस्तीची असतात, म्हणायचा. मुष्टियुद्धाने माझ्या वडिलांना वाचवलं असं मास्तर पुढे आयुष्यभर सांगत राहिले, आणि ते खोटं नाही. फक्त ते तेवढ्यावरच थांबत. वाचवलेला माणूस त्याच खेळाने पुढे थोडा थोडा करून परत घेतला, हे मात्र मास्तर सांगत नसत.

मला काकांचं काम लहानपणी फार आवडायचं. दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मिनिट मिळतं. घंटा झाली की स्टूल आत सरकवायचं, वडील बसायचे, मास्तर कानाशी काहीतरी बोलायचे आणि काका समोर गुडघ्यांवर. आधी ओल्या फडक्याने रक्त टिपायचं. मग औषधात भिजवलेला बोळा जखमेत खोलवर दाबून धरायचा, मनात तीसपर्यंत मोजत. सुजलेल्या जागी बर्फातून काढलेली लोखंडी पट्टी. शेवटी वरून व्हॅसलीनचा जाड थर, म्हणजे पुढचा ठोसा घसरेल. बोटं हलत, चेहरा हलत नसे. बाहेर हजार माणसं ओरडत असत आणि काका सुईत दोरा ओवत असल्यासारखे शांत. मास्तर म्हणायचे, "बोळे कोपऱ्यात असला की लढत रक्तामुळे थांबायची नाही." आणि नाहीच थांबली. सोळा वर्षांत एकदाही नाही. काकांना त्याचा अभिमान होता. तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही, पण रविवारी ते शर्टाला इस्त्री करून जायचे.

एक गोष्ट मात्र ते घरी येऊन सांगायचे. "लोक जखमेवरच डोळा ठेवतात," ते आईला म्हणायचे. "मी डाव्या भुवईवर बोळा दाबतो ना, तिकडे मागून ओरडा सुरू होतो, डावी भुवई, डावी भुवई. मीच बोट ठेवून दाखवल्यासारखं होतं. आणि ओरडणारे कोण, तर शाळेचे मुख्याध्यापक. सोमवारी दवाखान्यात येतात तेव्हा इंजेक्शन बघून तोंड फिरवतात."

आई हसायची. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटायचं.

डॉक्टरांबद्दलही सांगायला हवं. लढतीला डॉक्टर हजर असलाच पाहिजे असा नियम होता, म्हणून काकांच्या दवाखान्याचे डॉक्टर रिंगणाशेजारी खुर्ची टाकून बसत. त्यांचे गुडघे गेले होते, पायऱ्या चढवत नसत. लढणाऱ्याची अवस्था वाईट दिसली की ते खालूनच काकांकडे बघत. काका मान हलवत. डॉक्टर मग पंचांकडे बघून मान हलवत, आणि लढत पुढे सुरू होई. म्हणजे वडिलांचा भाऊ, वडिलांच्या कोपऱ्यातला माणूस आणि वडिलांना तपासणारा माणूस हे तिन्ही एकच. यात कुणालाही कधी काही वावगं वाटलं नाही. घरचाच माणूस आहे, उलट जास्त काळजी घेईल, असं सगळे म्हणत.

मी तेरा वर्षांची असताना वडिलांची मोठी लढत झाली. वडील चौतीसचे होते, समोरचा तेवीसचा. आई कधी बघायला जात नसे. मी मात्र त्या दिवशीही हट्टाने गेले आणि काकांच्या मागे, दोऱ्यांच्या बाहेर, पाण्याच्या बादलीजवळ बसले. सहाव्या फेरीत वडिलांच्या कानशिलाजवळ एक ठोसा बसला. ते पडले नाहीत. रक्तही आलं नाही. फक्त चालताना त्यांचा पाय जिथे पडायला हवा होता तिथून वीतभर बाजूला पडला. घंटा झाली. ते स्टुलावर येऊन बसले. काका पुढे वाकले आणि त्यांच्याशी काहीतरी बोलले. वडिलांनी त्यांचं मनगट धरलं. गर्दीच्या आवाजात मला एकही शब्द ऐकू आला नाही. डॉक्टरांनी खालून बघितलं. काका क्षणभर तसेच राहिले, मग त्यांनी मान हलवली.

आठव्या फेरीत वडील जिंकले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. समोरच्या मुलाचा जबडा मोडला होता, त्याचा फोटो आला नाही.

त्यानंतर वडिलांनी आणखी दोनच लढती केल्या, दोन्ही हरले आणि थांबले. क्लबने सत्कार केला. कारखान्यातलं काम होतंच. आता घरात निवांतपणा येईल असं आईला वाटलं होतं.

पहिल्यांदा ते चाव्या विसरायला लागले. मग भाताला दोनदा मीठ घालायला लागले. मग एकच प्रश्न दिवसातून सहा-सात वेळा विचारायला लागले, आणि आपण तो विचारला होता असं सांगितलं की चिडायला लागले. जीभ जड झाली. ओळखीची माणसं रस्त्यात आईला गाठून हळूच विचारत, "हल्ली जास्त घेतात का?" वडिलांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. पहिल्यांदा आई भांडायची, नंतर तिने भांडणं सोडलं. कारखान्यात त्यांना यंत्रावरून काढून फाटकावर बसवलं, मग फाटकावरूनही घरी पाठवलं.

आईला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकतंय. आपण फार बोलतो म्हणून ते चिडतात. मग ती कमी बोलायला लागली. आमच्या घरात सगळे कमी बोलायला लागले.

एका दुपारी मी कॉलेजातून आले तेव्हा आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती आणि काका तिच्या भुवईवर टाका घालत होते. तीन टाके पडले. वडील आतल्या खोलीत पलंगावर बसून स्वतःच्या हाताकडे बघत होते. कशावरून झालं ते कुणीच सांगितलं नाही. शेजारच्या मावशींना आईने कपाटाचं दार लागल्याचं सांगितलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला काय दाखवणार. काकांनी दोरा कापला, हात धुतले आणि मोरीतच बराच वेळ नळ सोडून उभे राहिले. मी आत डोकावले तेव्हा त्यांचे हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

त्या दिवसापासून ते रोज सकाळी दवाखान्यात जाण्याआधी आमच्याकडे यायला लागले. वडिलांची दाढी करायची, आंघोळ घालायची, बटणं लावून द्यायची. वडील दुसऱ्या कुणाला चेहऱ्याला हात लावू देत नसत. काकांचा हात दिसला की मात्र हनुवटी वर करून, डोळे मिटून स्वस्थ बसत. आई म्हणायची, "भावोजी, तुम्ही होतात म्हणून निभावलं." काका काही बोलत नसत. तो नम्रपणा आहे असं आम्हाला वाटायचं.

पुढे मी नगरपालिकेत टंकलेखक म्हणून लागले. सभांची टिपणं घ्यायची आणि त्यांचं इतिवृत्त टाइप करायचं, हे माझं काम. त्या सुमारास क्लबने अर्ज केला की शाळांमध्ये मुष्टियुद्ध हा विषय सुरू करावा आणि पालिकेचं मोठं सभागृह क्लबला द्यावं. नेमकं त्याच महिन्यात एका शाळेत सहावीतल्या मुलाने वर्गमित्राचे पुढचे दोन दात पाडले आणि विचारल्यावर 'सराव करत होतो' असं सांगितलं. पालक चिडले. मग पालिकेने जाहीर सुनावणी ठेवली. विषयपत्रिकेवरचं वाक्य मीच टाइप केलं होतं: मुष्टियुद्धाचा समाजावर घातक परिणाम होतो काय, याबाबत नागरिकांचे म्हणणे ऐकून घेणे.

सभागृह भरलं. अध्यक्षांच्या डाव्या हाताला लहान टेबलाशी मी वही घेऊन बसले. मुख्याध्यापक आता निवृत्त झाले होते, ते पहिले बोलले. खेळामुळे मुलांच्या अंगातली रग योग्य मार्गाला लागते, असं त्यांचं म्हणणं. एक शिक्षिका म्हणाल्या, दुसऱ्याला शुद्ध हरपेपर्यंत मारणं हाच ज्याचा हेतू, तो एकमेव खेळ आपण मुलांना कशासाठी शिकवायचा? मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, लगोरी शिकवा मग." लोक हसले. बाई बसल्या.

मग मास्तर उठले. ते आता सत्तरीला आले होते, पण पाठ ताठ. "माझ्या हाताखालून चारशे मुलं गेली," ते म्हणाले. "त्यांतला एकही तुरुंगात नाही. ज्यांना समाजाची काळजी वाटते त्यांनी मला सांगावं, ही मुलं रस्त्यावर होती तेव्हा ते कुठे होते?" मग त्यांनी पहिल्या रांगेकडे हात केला.

पहिल्या रांगेत माझे वडील बसले होते. क्लबने त्यांना बोलावलं होतं. आईने त्यांना जुना क्लबचा कोट घातला होता आणि स्वतः त्यांच्या शेजारी बसली होती. टाळ्या ऐकल्या की ते हसतात, एवढंच तिला माहीत होतं, आणि तेवढ्यासाठीच ती आली होती.

मास्तरांनी त्यांना उभं केलं. खांद्यावर हात ठेवून मोठ्याने विचारलं, "पुन्हा जन्म मिळाला तर काय करशील?"

वडिलांचे ओठ बराच वेळ हलत राहिले. मग ते म्हणाले, "लढेन."

टाळ्या थांबेनात. माणसं उठून उभी राहिली. वडील हसत होते, आणि त्यांचा एक हात आपोआप वर गेला होता. माझी पेन्सिल चालत होती, कारण चालू ठेवणं माझं काम होतं.

टाळ्या संपता संपता मागच्या रांगेतून काका उठले. त्यांनी बोलायला नाव दिलं नव्हतं. अध्यक्षांनी विचारलं, "आपण कोण?"

"कंपाउंडर. याचा भाऊ."

"दोन मिनिटांत सांगा."

"एक पुरेल," काका म्हणाले. "मी सोळा वर्षं याच्या कोपऱ्यात होतो. शेवटच्या मोठ्या लढतीत, सहाव्या फेरीनंतर, हा स्टुलावर येऊन बसला. मी विचारलं, मी कोण? हा म्हणाला, 'अण्णा, घरी जाऊ या.' अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती."

सभागृहात कुणीतरी खोकलं.

"त्याने माझं मनगट धरलं होतं. पोर रस्त्यात दमल्यावर धरतं तसं. डॉक्टरांनी खालून बघितलं आणि मी मान हलवली. चालेल म्हणून. तो जिंकत होता. आणि माझ्या कोपऱ्यातून कधी लढत थांबली नव्हती, त्याचा मला ताठा होता. रक्त आलं की लोक घाबरतात, पंच थांबवतात. ते रक्त मी सोळा वर्षं थांबवलं. आत काय फुटत होतं ते कुणाला दिसत नव्हतं, आणि बाहेरचं मी दिसू दिलं नाही. खेळ चांगला की वाईट ते तुम्ही ठरवा. तो पुन्हा लढेन म्हणाला, तेही खरं. पण त्याला आज वार कोणता, ते विचारा."

कुणी विचारलं नाही. मास्तर जमिनीकडे बघत होते. वडील अजून हसत होते, आणि त्यांचा हात वरच होता. आईने तो हळूच खाली घेतला. तिने काकांकडे पाहिलंसुद्धा नाही. मी मात्र तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ती स्वतःला विचारत होती की माझं काय चुकलं, आणि ज्याला उत्तर ठाऊक होतं तो माणूस रोज सकाळी तिच्या घरी येऊन चहा पीत होता.

अध्यक्षांनी आभार मानले. पुढच्या वक्त्याला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी मी इतिवृत्त टाइप केलं. काकांचं बोलणं शब्दन् शब्द माझ्या वहीत होतं. माझ्या साहेबांनी ते पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे फार घरगुती आहे. आणि डॉक्टर आता हयात नाहीत, उगाच त्यांचं नाव खराब. एका ओळीत घ्या." त्यांनी ओळ सांगितली आणि मी ती टाइप केली: 'एका माजी सहायकाने आपले वैयक्तिक अनुभव कथन केले.' मी त्यांच्याशी वाद घातला नाही. नोकरीला दोन वर्षंच झाली होती, हे एक कारण. दुसरं कारण असं की मलाही ते कागदावर नको होतं.

क्लबला सभागृह मिळालं. शाळांमध्येही वर्ग सुरू झाले, मात्र एका अटीवर. प्रत्येक लढतीला तटस्थ वैद्यकीय निरीक्षक असावा, त्याला लढत थांबवण्याचा अधिकार असावा. पालिकेला वाटलं, सगळ्यांचं समाधान झालं. आणि निरीक्षक म्हणून त्यांनी नेमलं कोणाला, तर काकांना. अनुभवी माणूस, शिवाय कळकळीने बोलला होता.

मी त्यांना म्हणाले, "काका, घेऊ नका हे काम. तुम्हाला तोंडदेखलं बसवतायत."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण माझी मान आता दोन्ही बाजूंना हलते, हे एकदा त्यांना बघू दे."

पहिल्या रविवारी त्यांनी एक लढत थांबवली. दुसऱ्या रविवारी दोन. तिसऱ्या रविवारी क्लबचा सगळ्यात आशेचा मुलगा जिंकायला आला होता. तो कोपऱ्यात येताना जरासा अडखळला. काका दोऱ्यांतून आत गेले, त्याला दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही हात वर करून लढत थांबवली. लोकांनी पाण्याच्या बाटल्या फेकल्या. एक काकांच्या कानाला लागली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा दवाखान्यात आला आणि रांगेतल्या पेशंटांच्या देखत म्हणाला, "तुमचा भाऊ वेडा झाला म्हणून आम्हाला घरी बसवणार का? माझं डोकं आहे, मी बघून घेईन."

"तू बघशील," काका म्हणाले, "पण तेव्हा तुला दिसणार नाही."

मुलगा थुंकला आणि गेला. महिनाअखेर पालिकेचं पत्र आलं. 'आपण दिलेल्या सेवेबद्दल आभार.' त्यांच्या जागी एका तरुण डॉक्टरला नेमलं. तो रिंगणापासून बऱ्यापैकी लांब बसतो, असं ऐकलं. पत्र मीच टाइप केलं होतं. हेही सांगून टाकते, म्हणजे काही राहायला नको.

घरी आई काकांशी बोलेनाशी झाली. सुनावणीच्या दुसऱ्या सकाळी ते नेहमीच्या वेळेला आले. आईने दार उघडलं, बाजूला झाली आणि आत निघून गेली. वडील हनुवटी वर करून वाट बघत होते. काकांनी दाढी केली. तशीच दोन वर्षं गेली. चहाचा कप स्टुलावर ठेवलेला असायचा, पण 'घ्या' म्हणायला कुणी नसायचं. काका चहा पिऊन कप स्वतः विसळून पालथा घालून जायचे.

त्या काळात मी एकदा वडिलांना मोठ्या हॉस्पिटलात मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला नेलं. काका बरोबर होते. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "एका लढतीला दोष देता येणार नाही. वर्षानुवर्षांचे ठोसे साठत जातात. सरावातलेसुद्धा. कदाचित सरावातलेच जास्त."

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "ऐकलंत ना काका? तुमच्या त्या एका मिनिटाने काही झालेलं नाही."

ते जिन्यात थांबले. "तू मला मोकळं करायला बघतेस," ते म्हणाले. "पण त्या काय म्हणाल्या? एक नाही, सगळे. म्हणजे एका रविवारचं माझ्या अंगावरून काढून सगळे रविवार घातलेस." मग वडिलांचा हात धरून ते एकेक पायरी उतरायला लागले.

वडील पन्नासाव्या वर्षी गेले. शेवटचे चार महिने त्यांना गिळता येत नव्हतं. क्लबने मोठा निरोप दिला. फुलं, झेंडा, आताच्या मुलांच्या दोन रांगा. मास्तर रडले, आणि ते रडणं खरं होतं. त्यांनी भाषणात सांगितलं की असा निधड्या छातीचा माणूस पुन्हा होणे नाही. डोक्याबद्दल कुणी काही बोललं नाही. काका रांगेच्या मागे, फाटकाबाहेर उभे होते. क्लबच्या एका माणसाने त्यांना सांगितलं होतं की तुम्ही पुढे येऊ नका, मुलं चिडतील. सख्खा भाऊ असून त्यांनी खांदा दिला नाही.

त्यानंतर काकांना आमच्याकडे यायला कारण उरलं नाही, आणि ते आले नाहीत. पाच-सहा आठवड्यांनी आईच मला म्हणाली, "त्यांना बोलाव. मला एक विचारायचं आहे."

ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. आईने त्यांना वडिलांच्या खुर्चीत बसवलं नाही, दुसरी दिली. स्वतः समोर बसली. दोन वर्षांनंतर ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलत होती.

"त्या दिवशी तुम्ही नाही म्हणाला असतात, तर काय झालं असतं?"

काकांनी विचार केला. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं, ते दिसत होतं. "तो माझ्याशी जन्मात बोलला नसता."

"बोलले नसते," आई म्हणाली. "पण त्यांना बोलता आलं असतं."

काकांनी मान खाली घातली. आई उठली नाही, रडलीही नाही. ती पुढे म्हणाली, "तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं. मी त्यांच्यावर ओरडले, भावोजी. इतकी वर्षं. चाव्यांवरून, मिठावरून. त्यांच्या हातात काही नव्हतं आणि मी ओरडत होते. ते तुम्ही मला परत कसं देणार?"

"नाही देऊ शकत," काका म्हणाले.

"नाही ना?"

"नाही."

खाली रस्त्यावर दोन मुलं एकमेकांना ढकलत होती, एकाची आई वरून हाका मारत होती. मग आई आत गेली आणि चहा टाकला. आणून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "घ्या." तिने त्यांना माफ केलं असं मी म्हणणार नाही. तिने तसं कधी म्हटलं नाही आणि काकांनी कधी मागितलं नाही.

काका अजून त्याच दवाखान्यात आहेत. आता डॉक्टरांचा मुलगा तिथे बसतो. क्लबची मुलं फुटलेल्या भुवया घेऊन येतात. डॉक्टरांच्या मुलापेक्षा बोळेंचा टाका बारीक असतो, हे त्यांना ठाऊक आहे. काका टाके घालतात. पहिल्यांदा मला राग आला होता. मी विचारलं, "अजून तुम्ही त्यांचं हे करताच कसं?"

"नाही केलं तर उघडी जखम घेऊन लढतील," ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.